शास्त्र सांगावे कसे? आंजर्ल्याच्या पुळणीवरून संशोधकांसाठी काही सूचना

दापोली तालुक्यात आंजर्ले येथे, जोग नदी जेथे समुद्राला मिळते त्याच्या आसपास, नारळी-पोफळींच्या वाड्यांना लागून जी लांबच लांब पुळण पसरली आहे, तिच्यावर फाल्गुन-चैत्राच्या सुमारास सकाळी उभे राहण्याचा योग ज्यांना आला असेल, ते तेथील एक देखावा सहसा विसरणार नाहीत. जाळीच्या कुंपणाने वेढलेल्या वाळूच्या लहानशा तुकड्यात बांबूच्या टोपल्या ओळीने पालथ्या घातलेल्या असतात. प्रत्येकीशेजारी काठीला लावलेली एक पाटी असते, आणि तिच्यावर अंडी पुरल्याची तारीख व अंड्यांची संख्या एवढाच मजकूर लिहिलेला असतो. गावचा कासवमित्र वाकून एकेक टोपली उचलून पाहतो. एखादीखालची वाळू हललेली असते, आणि तिच्यातून करड्या-काळ्या रंगाची, तळहातात सहज मावणारी पिल्ले एकमेकांच्या अंगावरून चढत वर येत असतात. ती पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली जातात, आणि दोरीच्या अलीकडे उभी असलेली माणसे, ज्यांत मुंबई-पुण्याचे पाहुणे असतात तशी गावातली शाळकरी पोरेही असतात, शेवटचे पिल्लू लाटेत शिरेपर्यंत टक लावून पाहत राहतात.

या घडीला माणसाचे मन जितके ग्रहणोत्सुक असते, तितके ते कोणत्याही सभागृहात नसते. परंतु अशाच एका सकाळी, पिल्ले गेल्यावर लोकांना चार शब्द सांगण्यासाठी उभ्या राहिलेल्या एका तरुण संशोधकाची जी अवस्था झालेली मी पाहिली, ती माझ्या मनात घर करून राहिली आहे. मनुष्य विद्वान, मेहनती, कासवांवर जीव टाकणारा. परंतु त्याने आरंभ केला तो ‘तापमानावलंबी लिंगनिश्चिती’ या शब्दाने, आणि तिसऱ्या वाक्याला मागची माणसे चहाच्या दिशेने वळू लागली. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी तेवढ्यात विचारले, “पण ही मोठी झाली की परत इथंच येतात का हो?” त्यावर “त्याविषयीची विदा अद्याप अपुरी आहे,” असे उत्तर आले. उत्तर खोटे नव्हते. पण आजींच्या हाती त्यातून काहीच पडले नाही, आणि त्या तरुणाच्या दोन वर्षांच्या परिश्रमांतील एक कणही त्या पुळणीवर रुजला नाही.

जो माणूस रात्र-रात्र किनाऱ्यावर जागून, उन्हातान्हात मोजमापे घेऊन ज्ञान मिळवतो, त्याला ते सांगता येऊ नये, यात त्याची बुद्धी कमी पडते असे मुळीच नाही. सांगणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिचीही तालीम करावी लागते, ही गोष्ट त्याला वेळीच कोणी सांगितलेली नसते. ती सांगण्याचा हा प्रयत्न आहे. या साऱ्या विद्येचे मर्म माझ्या मते एकाच गोष्टीत आहे: श्रोता ही कोरी पाटी नव्हे. त्याच्याजवळ त्याचे स्वतःचे, अनुभवाने पारखलेले ज्ञान आधीपासून असते, आणि आपले नवे ज्ञान त्या जुन्या ज्ञानाला जोडून देणे एवढेच वक्त्याचे काम आहे. पुढील सर्व सूचना या एका विचारातून निघालेल्या आहेत.

आधी ऐकावे, मग बोलावे

व्याख्यानाची तयारी लिहिण्याने सुरू होते असा समज आहे. माझ्या मते ती ऐकण्याने सुरू झाली पाहिजे. ज्या गावी बोलावयाचे तेथे आदल्या दिवशी पोहोचावे, चार घरी बसावे, आणि आपल्या विषयासंबंधी तेथील लोकांना काय ठाऊक आहे याची विचारपूस करावी.

एक दाखला देतो. समुद्राच्या भरती-ओहोटीवर बोलावयास आलेल्या संशोधकाने हर्णै बंदरावर किंवा आंजर्ल्याच्या खाडीकाठी एखाद्या जुन्या जाणत्या माणसाला ‘आज भरती किती वाजता?’ असे विचारून पाहावे. तो घड्याळाकडे किंवा कोष्टकाकडे पाहणार नाही; तिथी विचारील, तिची पाऊणपट करील आणि वेळ सांगेल. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून साधारण सहाच्या सुमारास भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाणी जोरात चढते ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास चढउतार मंदावतो तो भांग, हेही तो सांगेल. आता या हिशेबात खगोलशास्त्र काठोकाठ भरलेले आहे. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, आणि भरती चंद्राच्या मागोमाग चालत असल्यामुळे तीही रोज तितकीच पुढे सरकते. हाताशी धरण्यास सोपा म्हणून परंपरेने त्या पन्नास मिनिटांचा पाऊण तास केला आहे. जो वक्ता चंद्र-सूर्यांच्या आकर्षणाची सूत्रे फळ्यावर मांडून आरंभ करील, त्याच्यापुढील श्रोते मुकाट बसतील. पण जो म्हणेल की ‘तुमच्या आजोबांची पाऊणपट बरोबर का येते, ते आज आपण पाहू’, त्याच्यापुढे तेच श्रोते सरसावून बसतील, कारण आता विषय त्यांचा झाला.

मायकेल फॅरेडे याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे रसायनशास्त्र मांडले ते एका मेणबत्तीपासून सुरुवात करून. ती मेणबत्ती प्रत्येक मुलाने घरी पाहिलेली होती, यातच त्या निवडीचे सारे शहाणपण आहे. प्रत्येक गावात, प्रत्येक धंद्यात अशी एखादी मेणबत्ती असते. आदल्या दिवशीच्या विचारपुशीत तीच शोधावयाची असते.

एका वाक्याचा मसुदा

श्रोत्यांची ओळख झाली की मग कागद घ्यावा आणि त्यावर एकच वाक्य लिहावे: मी येथून निघून गेल्यावर या माणसांनी घरी जाऊन कोणती एक गोष्ट सांगावी अशी माझी इच्छा आहे? हे वाक्य लिहिता येत नसेल, तर दोष भाषेचा नसून आपण काय सांगणार आहोत हेच अद्याप आपले आपल्याला निश्चित झालेले नाही, असे समजावे. हे वाक्य प्रबंधातील वाक्यासारखे असता कामा नये. प्रबंधात आपण लिहितो: ‘उबवणकालाच्या मधल्या तृतीयांशातील घरट्याच्या तापमानाचा पिल्लांच्या लिंगगुणोत्तरावर सार्थ परिणाम आढळतो.’ विद्वानांच्या दप्तरी हे वाक्य योग्यच आहे. पण पुळणीवर उभे राहून, टोपलीकडे बोट दाखवून, तेच असे सांगता येईल: ‘या टोपलीखालची वाळू जास्त तापली तर यातून बहुतेक माद्या निघतील, गार राहिली तर बहुतेक नर; वाळू किती तापते यावर पुढची पिढी ठरते.’ दोन्ही वाक्यांत शास्त्र तेच आहे, मर्माचे काही गाळलेले नाही, काही फुगवलेले नाही. परंतु दुसऱ्या वाक्यात टोपली आहे, वाळू आहे, आणि पायांना आत्ता या क्षणी जाणवणारी उष्णता आहे. मग कोणी विचारलेच, तर ही सीमारेषा सुमारे एकोणतीस अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि म्हणूनच उबवणीच्या जागेवरील सावलीला एवढे महत्त्व असते, हा तपशील सांगावा. श्रोत्याने मागितलेला तपशील त्याच्या स्मरणात राहतो. न मागता लादलेला तपशील त्याला थकवतो.

ते एक वाक्य ठरले की व्याख्यानातील प्रत्येक भाग त्याच्याशी ताडून पाहावा. जो भाग त्या वाक्याला आधार देत नाही, तो कितीही कष्टाने मिळवलेला असो, काढून ठेवावा. हे करताना जीव तुटतो, हे मी जाणतो. सहा महिन्यांच्या कामाचा आलेख एका फटक्यात बाजूला सारणे सोपे नाही. पण श्रोत्यांना आपल्या श्रमांचा हिशेब नको असतो. त्या श्रमांतून जे निष्पन्न झाले ते हवे असते.

सावनी नावाचे कासव

अमूर्त सिद्धांत मनात ठसत नाही. एक व्यक्ती, एक प्राणी, एक घटना ठसते. याचा उत्तम दाखला आंजर्ल्यातच घडलेला आहे. २५ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र वनविभागाचे कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून पश्चिम किनाऱ्यावर प्रथमच ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या पाठीवर उपग्रह-प्रेषक बसवले. वेळासला जी मादी सापडली तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले आणि आंजर्ल्याच्या मादीचे ‘सावनी’. पुढे फेब्रुवारीत गुहागरच्या किनाऱ्यावरून आणखी तिघींना अशीच यंत्रे लावून समुद्रात सोडण्यात आले. कासव श्वास घेण्यासाठी पाण्यावर आले की यंत्राचा संकेत उपग्रहापर्यंत जातो आणि त्यावरून त्याचे ठिकाण समजते, एवढीच त्या यंत्राची करामत.

या प्रयोगाची शास्त्रीय उद्दिष्टे अनेक होती. परंतु लोकांच्या मनाची पकड घेतली ती त्या नावांनी. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या कासवाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ‘आपली सावनी आता कुठे असेल?’ असे मात्र सहज विचारले जाते. २०२३ साली गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ केरळचा किनारा ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली, तेव्हा तिच्या वाटेने ज्यांनी नकाशावर बोट फिरवले असेल, त्यांना स्थलांतर या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

यातून संशोधकाने घ्यावयाचा बोध असा: आपल्या शेकडो नमुन्यांतून एक नमुना निवडावा आणि त्याची हकीकत आरंभापासून शेवटपर्यंत सांगावी. आंबा-संशोधक असाल तर एका कलमाची, भूजलाचे अभ्यासक असाल तर एका विहिरीची, वैद्यकीय संशोधक असाल तर, नावगाव उघड न करता, एका रुग्णाची. मात्र एक जबाबदारी कधी विसरू नये. निवडलेली हकीकत साऱ्या नमुन्यांचे प्रतिनिधित्व करणारी असली पाहिजे. केवळ चमत्कारिक आहे म्हणून अपवाद निवडला आणि तो नियमासारखा सांगितला, तर ती श्रोत्याची फसवणूक होते. अपवादच सांगावयाचा असेल तर तो अपवाद आहे, हे त्याच दमात सांगून टाकावे.

शब्द लोकांजवळच असतात

परिभाषेचा प्रश्न आपल्याकडे फार वर्षे चर्चिला जातो आणि बहुधा चुकीच्या टोकाकडून. एक पक्ष म्हणतो, इंग्रजी संज्ञा जशाच्या तशा वापराव्या. दुसरा म्हणतो, प्रत्येक संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द घडवावा. या वादात एक साधी गोष्ट नजरेआड होते की कित्येक गोष्टींना लोकांजवळ शब्द आधीच तयार असतो. आंजर्ल्याहून थोड्याच अंतरावर दापोलीला १९७२ साली कोकण कृषि विद्यापीठ स्थापन झाले. तेथील संशोधनाचा ज्याच्याशी रोजचा संबंध, त्या बागायतदाराला हापूसच्या गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा दोष ‘साका’ म्हणून ठाऊक आहे. मोहरावर येणारे ‘तुडतुडे’, ‘भुरी’ आणि ‘करपा’ त्याच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्याच्यासमोर या किडी-रोगांची लॅटिन नावे उच्चारणारा वक्ता विद्वान ठरत नाही, परका ठरतो. म्हणून जेथे लोकांचा शब्द आहे तेथे तोच घ्यावा. जेथे नाही, पण रुळलेला परभाषी शब्द आहे, तेथे तो निःसंकोच घ्यावा. आणि या दोन्ही वाटा बंद झाल्यावरच नवी संज्ञा वापरावी, तीही आधी वस्तू दाखवून आणि मग नाव देऊन. एका व्याख्यानात अशा नव्या संज्ञा तीनहून अधिक येऊ देऊ नयेत, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

सोपे लिहिले की विद्वत्ता उणावते, अशी भीती पुष्कळांना वाटते. त्यांनी आंजर्ल्याच्या दक्षिणेस असलेल्या मुरुडकडे पाहावे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली याच मुरुडात झाला. प्राचीन शिलालेखांच्या कालनिर्णयात फ्लीटसारख्या पंडिताने ज्यांच्या गणिताचा आधार घेतला, आणि १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा समग्र इतिहास ज्यांनी मराठीत लिहून प्रसिद्ध केला, त्या दीक्षितांनीच सामान्य वाचकासाठी आकाशाचे वर्णन करणारे ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तकही लिहिले, आणि त्याला जोडनाव दिले ‘रात्रीची दोन घटका मौज’. जो गणितात इतका काटेकोर, त्याला ‘मौज’ हा शब्द वापरण्यात कमीपणा वाटला नाही. पंचांग घरोघरी होते, आकाश डोक्यावर होते. त्या दोहोंचे नाते उलगडून दाखवणे हे त्यांना आपल्या विद्वत्तेला शोभणारे काम वाटले.

आकड्यांना आधार द्यावा

आकडा हा शास्त्राचा प्राण आहे. पण श्रोत्याच्या कानात एकटा पडलेला आकडा टिकत नाही. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. हा पल्ला सुमारे ३,५०० किलोमीटरांचा, एवढेच सांगून थांबलो तर तो एक मोठा आकडा राहतो. मुंबईहून गोव्याला जाणारा रस्ता सहा वेळा पार करावा इतका पल्ला, तोही पोहत, असे म्हटले की चाकरमान्याच्या डोळ्यांपुढे रात्रीची बस उभी राहते आणि आकड्याला वजन येते.

जेथे आकड्यावर जीवित आणि वित्त अवलंबून असते, तेथे ही जबाबदारी अधिकच गंभीर होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ शेजारच्या रायगड जिल्ह्यात किनाऱ्याला धडकले, त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता आणि दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागांची त्याने धूळधाण केली. हवामानशास्त्रज्ञाने ‘ताशी शंभर किलोमीटर’ म्हटले की त्याला स्वतःला सर्व काही समजते. परंतु वाडीत राहणाऱ्या कुटुंबाला त्या आकड्याचा अर्थ सांगावा लागतो: उभ्या पोफळी मोडतील, कौले व पत्रे उडतील, तारा तुटतील, म्हणून झाडाखालचे घर सोडा, गुरे मोकळी करा, पिण्याचे पाणी भरून ठेवा. प्रत्येक आकड्यामागून ‘म्हणजे काय’ आणि ‘म्हणून काय करावे’ ही दोन वाक्ये आलीच पाहिजेत.

‘आहे’, ‘असावे’ आणि ‘असेल’

शास्त्र लोकांना सांगताना जे दोन मोह होतात, त्यांपैकी एक म्हणजे सारे निश्चित असल्याचा आव आणणे, आणि दुसरा म्हणजे इतक्या शंका मांडणे की सांगण्यासारखे काही उरूच नये. या दोहोंमधून वाट काढण्याचे साधन मराठी व्याकरणाने आपल्याला आयते दिलेले आहे. ‘आहे’ म्हणजे तपासून पाहिलेले. ‘असावे’ म्हणजे पुरावा त्या बाजूला झुकतो. ‘असेल’ म्हणजे शक्यता. आणि ‘म्हणतात’ म्हणजे ऐकीव. आपले अशिक्षित वडीलधारेही बोलताना हा भेद बिनचूक पाळतात. संशोधकानेही तो पाळावा आणि प्रत्येक विधानाला त्याच्या योग्यतेचेच क्रियापद लावावे.

आंजर्ल्याच्या उत्तरेस केळशी येथे खाडीच्या मुखाशी वाळूची एक टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून ती त्सुनामीच्या प्रचंड लाटेने साचली असावी, असे मत मांडले. वाळूचे थर, त्यांतील अवशेष हे ‘आहे’च्या प्रांतात येतात, लाटेचा निष्कर्ष ‘असावी’च्या प्रांतात येतो. केळशीच्या शाळेत हा भेद समजावून सांगितला, तर मुलांना एका टेकडीची माहिती तर मिळेलच, शिवाय पुराव्यावरून अनुमान कसे काढतात, हे शास्त्राचे मूळ सूत्रही त्यांच्या हाती लागेल.

सावनी आणि तिच्या बरोबरीच्या कासवांचे संकेत काही महिन्यांत थांबले. अशा वेळी लोक विचारतात, ‘मेली का हो?’ याचे प्रामाणिक उत्तर असे द्यावे: ‘संकेत थांबला, एवढं नक्की आहे. यंत्र गळून पडलं असेल, त्याची शक्ती संपली असेल, किंवा कासवाला काही झालंही असेल. यांतलं कोणतं, ते संकेत थांबल्यावरून सांगता येत नाही.’ असे उत्तर ऐकून कोणाचाही शास्त्रावरचा विश्वास कमी होत नाही. तो कमी होतो छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट पुढे खोटी ठरली म्हणजे.

जागा, वेळ आणि तालीम

आता काही व्यावहारिक गोष्टी थोडक्यात सांगतो. बोलण्याची वेळ लोकांच्या सोयीने ठरवावी. हर्णैला मासळीचा लिलाव चालू असताना मच्छीमारांची सभा घेऊ नये. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या मुदतीत ती घ्यावी, तेव्हा माणसे घरी असतात. आंब्याच्या हंगामात बागायतदाराला बोलावू नये. दिवसा उजेडात, देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या ओसरीवर पडद्यावरची चित्रे दिसत नाहीत. म्हणून पडद्यावर भिस्त ठेवू नये आणि हातात धरून दाखवता येईल अशी एखादी वस्तू बरोबर न्यावी: वाळूत पुरावयाचा तापमापक, खूणपट्टी, फुटलेल्या अंड्याचे कातड्यासारखे मऊ कवच. वस्तू हातोहात फिरली की श्रोते बोलू लागतात.

पडदा वापरलाच तर एका चित्रात एकच गोष्ट असावी, अक्षरे शेवटच्या रांगेतील वृद्धाला वाचता यावीत, आणि पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवू नये. भाषण लिहून काढावे, पण लिहिलेले वाचू नये; आरंभाची चार वाक्ये आणि शेवटची दोन तेवढी पाठ करावी. आधी एकदा तरी घरच्या माणसापुढे, जो आपल्या विषयातला नाही अशापुढे, संपूर्ण बोलून पाहावे आणि तो जेथे ‘म्हणजे?’ असे विचारील तेथे खूण करून ठेवावी. त्या खुणा म्हणजेच दुरुस्तीची यादी. आणि काळाचे मान? दीक्षितांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच ते सांगून ठेवले आहे. दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. त्यांतील निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा.

प्रश्न हेच खरे व्याख्यान

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्याभोवती स्वाक्षरीसाठी मुले गोळा होत, तेव्हा ते त्यांना सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहीन आणि खाली सही करीन. ज्यांना सही हवी होती त्यांना त्यासाठी एक प्रश्न शोधावा लागला, आणि प्रश्न शोधता शोधता आकाशाकडे पाहावे लागले. विज्ञानप्रसाराची याहून साधी आणि याहून थोर युक्ती मला माहीत नाही.

म्हणून प्रश्नाला कधी हसू नये, तो अर्धवट असताना तोडू नये, आणि त्यामागचा खरा प्रश्न ओळखावा. मच्छीमार जेव्हा म्हणतो, ‘कासव वाचवायचं, मग आमच्या जाळ्याचं काय?’ तेव्हा तो शास्त्राला विरोध करीत नसतो. जाळे फाडून कासव सोडले तर त्याच्या घरखर्चाचे काय, हे तो विचारत असतो. त्याला जैवविविधतेवर प्रवचन देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला संरक्षण आहे हे सांगावे, आणि संरक्षित सागरी प्राणी सोडवताना जाळे कापावे लागल्यास भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने केली आहे, ती कमाल पंचवीस हजार रुपयांपर्यंतची आहे, व त्यासाठी कोणाकडे अर्ज करावयाचा, हे नीट समजावून सांगावे. हे सांगता यावे म्हणून त्याची माहिती आधीच काढून ठेवावी लागते; ते कामही संशोधनाइतकेच आपले आहे.

आणि त्या आजींचा प्रश्न? त्याचे उत्तर असे देता आले असते: “आजी, समुद्री कासवांच्या माद्या मोठ्या झाल्या की बहुधा आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडेच अंडी घालायला येतात, असं जगभर दिसून आलंय. पण पिल्लू मोठं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि एवढ्याशा पिल्लाला खूण लावून इतकी वर्षं त्याच्यावर नजर ठेवणं फार अवघड असतं. म्हणून आज गेलेल्यातली कुणी परत येईल असं वाटतं, पण ते ओळखायचं कसं, तेच आम्ही शोधतो आहोत.” यात ‘विदा अपुरी आहे’ हे सत्य पूर्णपणे आलेले आहे; परंतु आता ते आजींनाही कळण्याजोगे झाले आहे, आणि संशोधक कशाच्या शोधात आहे, हेही त्यांना समजले आहे.

शेवटी एक विनंती. आपण आंजर्ल्याची, वेळासची, केळशीची मोजमापे घेऊन जातो. गावातील माणसे रात्री कंदील-विजेऱ्या घेऊन आपल्याबरोबर पुळणीवर चालतात, अंड्यांचे खड्डे दाखवतात, पाट्या लिहितात. वर्ष-दोन वर्षांनी आपला निबंध कोठल्यातरी परदेशी नियतकालिकात छापून येतो, आणि ज्यांनी खड्डे दाखवले त्यांना त्यात काय लिहिले आहे हे कधीच कळत नाही. ही थकबाकी आपल्या प्रत्येकाच्या नावावर आहे. निबंध प्रसिद्ध होईल त्या आठवड्यात त्यातील निष्कर्ष एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावा. त्या पानाच्या तळाशी आपले नाव आणि पत्ता द्यावा. आणि ते पान गावच्या शाळेच्या फलकावर स्वतः जाऊन लावावे.